दारूवाल्याची कैफियत

रत्नागिरीतल्या दैनिकांच्या आतल्या पानावर एक बातमी पुन्हापुन्हा येते. गाव तेवढं बदलतं. ओढ्याच्या काठी, काजूच्या बागेत नाहीतर खाडीलगतच्या कांदळवनात धाड पडते. गूळ-नवसागरमिश्रित कुजकं रसायन जागीच नष्ट केलं जातं, बॅरल, डेग आणि नळी असा मुद्देमाल जप्त होतो, आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल होतो. महामार्गावरची बातमी जरा श्रीमंत असते. तिच्यात गोवा बनावटीच्या दारूचे खोके, बंद कंटेनर आणि त्यातला चोरकप्पा असतो. ज्याच्यावर धाड पडली त्याचं म्हणणं मात्र दोन्हींत सापडत नाही. बातमीदाराने ते विचारलेलं नसतं, पोलिसांना ते नको असतं आणि वकील त्याला कोर्टात तोंड उघडू देत नाही.

पण त्याचं म्हणणं असतं. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडच्या मागे, तालुका कोर्टाच्या आवारात ते तुकड्यातुकड्यांनी कानावर पडतं. जोडून लिहिलं तर साधारण असं होईल: ‘मी काय कोणाच्या घरात शिरून पाजतो? लोक पितात म्हणून विकतो. मी बंद केलं तर उद्या दुसरा विकेल. सरकारने विकली की महसूल, मी विकली की गुन्हा. ज्या साहेबाने मला धरलं तो रात्री काय पितो ते मला विचारा, त्याच्याकडे बाटली मीच पोचवतो. चोरी केली नाही, दरोडा घातला नाही. गावात कोणाचं आजारपण निघालं तर रात्री दोन वाजता गाडी माझीच जाते. देवळाच्या जीर्णोद्धाराची सगळ्यात मोठी पावती कोणाच्या नावावर आहे, बघून या.’

हीच कैफियत १९२०च्या दशकात शिकागोचा दारूतस्कर अल कपोन वार्ताहरांना ऐकवत असे. लोकांना जे हवं ते मी पुरवतो, एवढाच माझा अपराध, असा त्याचा सूर. मी विकली की ती तस्करी, आणि माझ्या गिऱ्हाइकाने तीच दारू आपल्या बंगल्यात चांदीच्या तबकातून पुढे केली की तो पाहुणचार, असंही तो म्हणे. पुढे १९५७ साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांच्या अभ्यासातून एक चमकदार गोष्ट मांडली. गुन्हा करणारा माणूस समाजाची नीती झुगारून देतो हे खरं नाही, असं त्यांचं म्हणणं. तो ती नीती मानतो, म्हणूनच त्याला सबबी लागतात. माझा इलाज नव्हता. कोणाचं नुकसान झालं नाही. ज्याचं झालं तो त्याच लायकीचा. बोट दाखवणारे कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत. आणि जे केलं ते आपल्या माणसांसाठी केलं. ही यादी वाचताना ती रत्नागिरीच्या टपरीवर बसूनच लिहिली असावी असं वाटतं.

सबब म्हटली की आपण ती खोटी धरून चालतो. दारूवाल्याच्या बाबतीत ही चूक होते, आणि त्याचा फायदा त्यालाच होतो. त्याची एकेक सबब सुटी काढून तपासली तर त्यातल्या निम्म्याहून अधिक खऱ्या निघतात. आता त्या खऱ्या सबबी नेमक्या कोणाच्या आहेत, हे बघू.

सगळ्यात बळकट सबब सरकारच्या ढोंगाची. किनाऱ्यावरचा भंडारी पिढ्यान्पिढ्या माडावर चढून पोय बांधत असे, माडी काढत असे. त्या कामाला गावात स्थान होतं, नाव होतं, देवाच्या उत्सवात मान होता. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा केला आणि झाडावर कर, काढण्याला परवाना, विकण्याला मक्ता आणि गाळण्यासाठी सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या अशी व्यवस्था आणली. ठाणे आणि कुलाब्यात मोहाची फुलं घरात ठेवण्यावर बंधनं घालणारा कायदा १८९२ साली झाला. लोकांनी पिणं सोडावं हा त्यामागचा हेतू नव्हता. त्यांनी प्यायलेल्या प्रत्येक पेल्यातला वाटा तिजोरीत यावा, हा होता. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधनं उभी केली, तेव्हा त्यांचा रोख नेमका या तिजोरीवर होता. बाप-आजा राजरोस करत होते तेच नातवाने केलं तर पंचनामा का, हा प्रश्न म्हणूनच पोकळ नाही. त्याचं समाधानकारक उत्तर कोणत्याच सरकारने दिलेलं नाही.

स्वतंत्र भारतातली गोष्ट आणखी मजेशीर आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा, आणि एप्रिल १९५०पासून संपूर्ण बंदी. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि त्यांचा निश्चय दगडाचा होता. तो कायदा आजही रद्द झालेला नाही. नाव बदलून तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाला आहे, आणि त्याच्याच पोटात बार, वाइन शॉप, देशी दारूची दुकानं अशी सगळी सृष्टी परवान्यांवर चालते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो कशासाठी दिला जातो, तर आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या राज्यात संध्याकाळी बारमध्ये बसलेला प्रत्येक माणूस प्रकृतीची काळजी घेत असतो. त्याच सरकारने जून २०२५मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि त्यातून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटींची भर पडेल असा अंदाज बांधला. दारूवर पोसलेलं सरकार दारूवाल्याला नैतिक उपदेश करतं, हा त्याचा आरोप कोणत्याही निष्पक्ष न्यायाधीशाला मान्य करावा लागेल.

एवढं मान्य केलं. आता हा आरोप करण्याचा अधिकार कोणाला आहे?

माडावरून उतरवलेल्या भंडाऱ्याला आहे. पावसाळ्याआधी चार पैसे गाठीला असावेत म्हणून घरामागे एक डेग लावणाऱ्या विधवेला आहे. धाडीच्या बातमीत आडनावासकट छापली जाते ती बहुतेकदा हीच माणसं. महामार्गावरून दर आठवड्याला कंटेनर सोडणारा, नाक्यानाक्यावर हप्ता बांधलेला, ड्रायव्हर पकडला गेला तर त्याच्या घरी पैसे पोचवून त्याचं तोंड बंद ठेवणारा माणूस जेव्हा ‘पोटासाठी केलं’ म्हणतो, तेव्हा तो त्या विधवेचं वाक्य बोलत असतो. त्याचं स्वतःचं पोट कधीच भरलेलं आहे. ‘आमचा पिढीजात धंदा’ म्हणतो तेव्हा भंडाऱ्याचा इतिहास अंगावर पांघरतो. ज्याच्यावर खऱ्या अर्थाने अन्याय झाला त्याची फिर्याद उचलायची आणि आपल्या बचावात दाखल करायची, अशी ही पद्धत आहे.

या उसनवारीचं मूळ शोधायचं तर रत्नागिरी जिल्हा उत्तम जागा आहे. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. त्याआधी रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण हद्द थेट गोव्याला भिडलेली होती. १९५० ते डिसेंबर १९६१ ही जवळजवळ बारा वर्षं कल्पनेसमोर आणा. अलीकडे मोरारजींचं कोरडं मुंबई राज्य, पलीकडे पोर्तुगिजांचा ओला गोवा, आणि मध्ये बांदा-सातार्ड्याच्या बाजूची नदी, डोंगर, पायवाटा. सरहद्द आंतरराष्ट्रीय, पण दोन्हीकडे सोयरिकी, एकच देव, एकच बाजार. पलीकडून काजूची दारू, घड्याळं, सोनं आणणाऱ्या माणसाला गावात कोणी गुन्हेगार मानत नसे. तो धाडसी, चलाख, उपयोगी माणूस. पलीकडून आणलेल्या बाटलीवर कर नाही म्हणून ती स्वस्त, आणि ती आणण्यात जोखीम आहे म्हणून आणणाऱ्याला मान. आज बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. पोर्तुगीज गेले, दोन्हीकडे एकच झेंडा आला, पण करातला फरक राहिला आणि त्या फरकावर जगणारा धंदाही राहिला. जून २०२५च्या शुल्कवाढीने तर त्याला बोनसच दिला. कोकणातल्या माणसाच्या मनात दारूची ने-आण करणाऱ्याबद्दल जो एक मऊ कोपरा आहे, तो या सीमेवर तयार झाला असं माझं मत आहे. त्या मऊ कोपऱ्यात आज कोण येऊन बसलंय, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरी सबब: कोणाचं नुकसान झालं? पिणारा स्वखुशीने येतो, पैसे मोजतो, माल घेतो. विकणारा राजी, घेणारा राजी, मग फिर्यादी कोण?

या सबबीचं उत्तरही रत्नागिरीतच आहे, मुंबईच्या अड्ड्यावर नाही. गिरणगाव ज्या माणसांवर चाललं त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेला माणूस परळ-लालबागच्या एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राहायचा, पाळीपाळीने झोपायचा आणि खानावळीत जेवायचा. बायको-मुलं गावी. गावचं घर चालायचं ते मनीऑर्डरीवर. बंदीच्या काळात या गिरणगावाच्या गल्ल्यांत अड्डे होते, आणि दारू फुटबॉलच्या ब्लॅडरमधून, टायरच्या ट्यूबमधून तिथे पोचायची. पगाराच्या दिवशी खानावळवालीचं बिल, पठाणाचं व्याज आणि अड्ड्याची उधारी हे तिघं गेटबाहेर रांग लावून उभे असत. उरेल ते गावी. आता हिशेब करा. गुत्त्यावरचा व्यवहार दोघांच्या राजीखुशीचा होता, हे खरंच आहे. पण त्यात खर्च झालेला पैसा तिसऱ्याच्या ताटातला होता, आणि ते ताट साडेतीनशे किलोमीटर लांब होतं. पोस्टमन या महिन्यात का आला नाही, याचं उत्तर संगमेश्वर किंवा लांज्याच्या घरात बसलेल्या बाईला कोणी दिलं नाही. अड्डेवाल्याने तर ती बाई पाहिलीच नव्हती. ‘मी कोणाचं वाईट केलं नाही’ हे तो प्रामाणिकपणे म्हणू शकत होता, कारण ज्याचं वाईट झालं ते माणूस त्याच्या नजरेच्या टप्प्यात कधी आलंच नाही. आजची बाई नजरेच्या टप्प्यात आहे. ‘बाटली आडवी’ करण्यासाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद पाडण्यासाठी, मतदानाच्या रांगेत उभी राहते ती हीच. ती गिऱ्हाईक नव्हे, म्हणून दारूवाल्याच्या कैफियतीत तिला जागा नाही.

या अड्ड्यांच्या काळाचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे वरदराजन मुदलियार. तमिळनाडूतून आला, व्हीटी स्टेशनवर हमाली केली, दर्ग्यापाशी गोरगरिबांना जेवण घालायचा, हातभट्टीच्या धंद्यात शिरला आणि धारावी, माटुंगा, अँटॉप हिलच्या पट्ट्यात ‘वरदाभाई’ झाला. माटुंगा स्टेशनजवळच्या त्याच्या गणपतीच्या मंडपाला सिनेनट हजेरी लावत. झोपडपट्टीतल्या माणसाला रेशनकार्ड, नळाचं पाणी, भांडणात निवाडा हे सरकारकडून मिळत नव्हतं, ते त्याच्याकडून मिळे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर पोलीस अधिकारी वाय. सी. पवारांनी त्याच्या अड्ड्यांची पाळंमुळं खणली तेव्हा तो मद्रासला निघून गेला, आणि १९८८च्या जानेवारीत तिथेच वारला. त्याच्या आयुष्यावरून मणिरत्नमने १९८७मध्ये ‘नायकन’ काढला. हिंदीत त्याचा ‘दयावान’ झाला. ‘नायकन’च्या शेवटी नातू आजोबाला विचारतो, तू चांगला की वाईट, आणि आजोबाला उत्तर देता येत नाही. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो. मला तो प्रसंग नेहमी थोडा लबाड वाटत आला आहे. उत्तर देता येत नाही असं नाही. प्रश्न आजोबाच्या लाडक्या नातवाने विचारला म्हणून ते जड गेलं. हाच प्रश्न भाईच्या माणसांनी ज्याचे हातपाय मोडले त्याच्या नातवाने विचारला असता, तर संवादलेखकाला एवढे कष्ट पडले नसते.

दानधर्माची सबब इथे निकालात काढता येते. कपोननेही १९३०च्या मंदीत शिकागोत बेकारांसाठी मोफत सूप आणि पाव वाटणारं केंद्र चालवलं. ते खोटं नव्हतं, भुकेल्यांची पोटं खरोखर भरली. पण त्याच्याच टोळीवर ज्याचा ठपका आहे ते सेंट व्हॅलेंटाइन दिवसाचं हत्याकांड त्याच्या आदल्याच वर्षी झालं होतं, आणि भिंतीला तोंड करून उभ्या केलेल्या सात माणसांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. दान हा भाईच्या धंद्यातला खर्च आहे. मोहल्ला आपल्या बाजूला असला की खबरी मिळत नाहीत, पंच फितूर होतात, साक्षीदाराला काही आठवत नाही. जीर्णोद्धाराची पावती देणाऱ्याला देव किती पावतो ते मला माहीत नाही. गाव मात्र हमखास पावतं.

हाणामारीचा प्रश्न मात्र दानापेक्षा खोल आहे, आणि इथे दारूवाल्याच्या बाजूचा सगळ्यात हुशार वकील उभा राहून सांगेल की हिंसा धंद्यात नव्हती, ती बंदीने आणली. त्याचं म्हणणं समजून घ्यायला हवं. किराणा दुकानदाराचे पैसे कोणी बुडवले तर तो कोर्टात जातो, निदान वकिलाची नोटीस पाठवतो. दारूवाल्याची उधारी बुडाली तर तो कुठे जाणार? माल रस्त्यात लुटला गेला तर विमा कोण देणार? त्याचा करार राखायला फक्त गुंड आहेत. त्यामुळे धंदा जसा वाढतो तशी पंटरांची फौज वाढते, आणि एकदा पगारी फौज उभी राहिली की तिला दारूपुरतं काम पुरत नाही. मग ती वसुली करते, जागा खाली करून देते, सुपारी घेते. बंदीने टोळ्या जन्माला घातल्या हे विधान शिकागोलाही लागू आहे आणि मुंबईलाही. अर्थशास्त्र म्हणून ते मला पूर्ण पटतं. पण कारण सापडलं म्हणून माणूस सुटत नाही. त्याच बंदीत, त्याच गरिबीत डेग लावणाऱ्या शेकडो बायाबापड्यांनी कोणाच्या डोक्यात सोडावॉटरची बाटली फोडली नाही. उधारी बुडाली तेव्हा शिव्या घातल्या आणि पुढच्या वेळी रोख मागितली. त्यांचा धंदा लहानच राहिला. मोठा होण्यासाठी जे करावं लागतं ते त्यांनी केलं नाही.

विषारी दारूच्या घटना याच फरकाने समजतात. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं मेली. गुळाच्या रसायनातून पहिल्या धारेची निघते तिच्यात मिथेनॉल नगण्य असतं. ती आतडी जाळेल, घर बुडवेल, पण एका रात्रीत वस्ती उजाड करणार नाही. मालवणीत कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी नजर जाते, मग माणूस. भट्टी लावायला वेळ लागतो, लाकूड लागतं, धूर दिसतो. मिथेनॉलला फक्त पाणी आणि प्लॅस्टिकची पिशवी लागते. धंदा करणाऱ्याने भट्टीचे कष्टही वाचवले. लोकांना हवं ते मी देतो म्हणणाऱ्याने लोकांना जे दिलं ते कोणीही मागितलेलं नव्हतं.

‘माल निरुपद्रवी आहे’ या सबबीची किंमत कोकणाने आणखी एकदा मोजली आहे. बाणकोटच्या खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं चांदी, सोनं असा माल उतरत असे. उतरवणारे ठरलेले, वाहणारे ठरलेले, काणाडोळा करणारेही ठरलेले. चांदी तर आहे, कोणाच्या घरात बॉम्ब तर पडत नाही, हे सगळ्यांचं समाधान. जानेवारी १९९३मध्ये दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या आणि पैशांवर सोडल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. पुढे पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. मुख्य सूत्रधारांपैकी एक, दाऊद, मूळचा आपल्याच खेड तालुक्यातल्या मुंबक्याचा आणि मुंबई पोलिसांतल्या हवालदाराचा मुलगा. किनारा, होडी, ट्रक, फाटा, हात ओला केलेला माणूस ही सगळी यंत्रणा निरुपद्रवी मालाने बांधली होती. खोक्यात काय आहे हे न विचारण्याची सवय तिनेच सगळ्यांना लावली. गोवा बनावटीच्या दारूने आरडीएक्स आणलं असं मी म्हणत नाही. पण बाटलीसाठी विकत घेतलेला नाका फक्त बाटलीपुरताच विकलेला राहतो, असं ज्याला वाटतं त्याने एकदा गोंडघरचा तो फाटा पाहून यावा.

मात्र या सगळ्यापेक्षा एक साधी कसोटी आहे, आणि दारूवाल्याची कैफियत तिथे खऱ्या अर्थाने कोसळते. कायदा अन्यायाचा आहे असं तो म्हणतो ना? मग कायदा सैल झाला तेव्हा त्याने काय केलं?

१९६०च्या दशकात आणि सत्तरीच्या सुरुवातीला, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रातली बंदी टप्प्याटप्प्याने ढिली झाली. परवाने मिळू लागले, देशी दारूची दुकानं उघडली. ज्यांना खरोखर दारू विकून पोट भरायचं होतं त्यांना दुकानात बसण्याची वाट मोकळी झाली. हातभट्टी संपली नाही, कर चुकवलेली दारू स्वस्तच राहिली. पण टोळ्यांनी मोर्चा वळवला तो गोदीतला माल, जागा, जुगार आणि खंडणीकडे. अमेरिकेत ५ डिसेंबर १९३३ला बंदी उठली. कपोन तेव्हा कर चुकवल्याच्या शिक्षेवर तुरुंगात होता, आणि त्याची शिकागोची टोळी जुगार आणि कामगार संघटनांकडे वळली. ‘मी फक्त लोकांना हवी ती वस्तू पुरवतो’ असं म्हणणाऱ्यांना ती वस्तू राजरोस पुरवण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांना त्यात रस उरला नाही. त्यांचा खरा माल दारू नव्हती. बंदीमुळे दारूच्या भावात पडणारी तफावत आणि तिच्या जोरावर मिळणारी गल्लीतली सत्ता हा त्यांचा माल होता. तफावत गेली की दारू त्यांना सोड्याइतकीच बेचव.

म्हणूनच बंदी उठावी म्हणून कोण्या भाईने मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ब्रूस यँडल याने १९८३ साली हे एका झकास जोडीत पकडलं: धर्मोपदेशक आणि दारूतस्कर. रविवारी दारूची दुकानं बंद ठेवा अशी मागणी चर्चमधून उपदेशक करतो आणि रविवारी चोरून विकणारा त्याला मनातून आशीर्वाद देतो. दोघं एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, पण कायदा दोघांना हवा. मी या जोडीतल्या उपदेशकाला हसत नाही. आपल्याकडे त्याच्या जागी गावातल्या बाया आहेत, आणि त्यांची तक्रार शब्द न् शब्द खरी आहे. प्रश्न एवढाच की त्यांनी दुकान बंद पाडल्यावर त्याच रात्री मागच्या दाराने कोण येतो. चंद्रपुरात २०१५ साली बायकांच्या लढ्याने बंदी आली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. उठवताना पुढे केलेल्या कारणांत अवैध दारूचा सुळसुळाट हे एक होतं. बायांचा विजय आणि तस्कराचा हंगाम एकाच दिवशी सुरू झाला, ही त्या बायांची चूक नव्हे. पण तस्कराने स्वतःला त्या कायद्याचा बळी म्हणवणं हा मात्र निर्लज्जपणा आहे. तो त्या कायद्याचा वतनदार आहे.

आपल्या जिल्ह्यात हे ताडून पाहता येईल असं एक प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत पडलं आहे. मार्च ते मे महिन्यांत काजूच्या बागांत बी काढून घेतल्यावर बोंडांचा खच पडतो. आंबूस वास, घोंघावणाऱ्या माश्या, पायाखाली चिकचिकाट. गोव्यात याच बोंडाचा हुर्राक होतो, फेणी होते. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१६ साली तिथल्या सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. इकडे ते बोंड बहुतांशी मातीत जातं, आणि कोणी गाळायला घेतलंच तर त्याच्या दारात पंचनामा. शेतकऱ्याला आणि लहान गाळणाऱ्याला सोपा, स्वस्त परवाना द्या, तपासणी कडक ठेवा, ही मागणी कोकणात अधूनमधून उठते आणि विझते. ज्याची फिर्याद खरी होती त्याला ती परत देण्याचा हा एक मार्ग आहे. भंडाऱ्याच्या नातवाला आणि त्या विधवेला राजरोस डेग लावता आली, तर त्यांच्या नावाने कैफियत मांडणाऱ्याच्या हातात मांडायला काय उरेल ते बघायचं आहे. अशा परवान्यांना विरोध होणार हे नक्की. काही विरोधक मनापासून बोलतील, दारूने उद्ध्वस्त झालेली घरं दाखवतील, आणि त्यांच्याशी समोरासमोर बसून वाद घालावा लागेल. सभेला पाण्याच्या बाटल्या, मांडव आणि लाऊडस्पीकर कोणी स्वखर्चाने पुरवला, हे मात्र आयोजकांना विचारून ठेवलेलं बरं.